कुंची घातलेला वरवंटा

बंगळूरहून परत आल्यापासून वसतिगृहातल्या मैत्रिणी मला एकच विचारतात, विमान वर जाताना पोटात कसं होतं. मला ते नीट आठवत नाही. आमच्या घरातून विमानात बसणाऱ्या मी आणि आई पहिल्याच, म्हणून खरं तर सगळं आठवायला हवं होतं. पण डोळ्यांसमोर येतं ते जमिनीवरचंच. नांदेडच्या विमानतळावर तपासणीच्या यंत्रापाशी आम्ही दोघी उभ्या होतो, तिथंच माझा अर्धा प्रवास झाला असं वाटतं. ते आधी सांगते.

नांदेड, निघायच्या आदल्या दिवशी

मी नांदेडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचं गाव जळकोटपासून आत. माझी मोठी बहीण, जिला मी ताई म्हणते, लग्नानंतर बंगळूरला असते. दाजी तिथं एका कारखान्यात आहेत. या वर्षी ताईला मुलगी झाली. बाळंतपण माहेरी करायची आमची रीत, पण डॉक्टरांनी ताईला प्रवास करू दिला नाही. तिच्या सासूबाई निलंग्याहून जाऊन तिच्याजवळ राहिल्या. आईला जाता आलं नाही, कारण बाबांचा पाय प्लास्टरमध्ये होता. बाळ दिवस भरायच्या आधी आलं, बरेच दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत राहिलं. बाराव्या दिवसाचं बारसं लांबत लांबत गेलं. शेवटी बाळ घरी आलं, अंगानं जरा भरलं, आणि दिवस ठरला. आईनं तोवर नातीला फक्त मोबाइलवर पाहिलं होतं. रेल्वेचं तिकीट वेटिंगवरच राहिलं तेव्हा दाजींनी आम्हा दोघींची विमानाची तिकिटं काढून पाठवली.

आई एसटीनं माझ्या खोलीवर आली. दोन पिशव्या आणि कडेवर एक गाठोडं. पिशव्या तिनं आल्याबरोबर खाली ठेवल्या, गाठोडं मात्र मांडीवर घेऊन बसली. मला वाटलं बाळंतविडा असेल, झबली, दुपटी, ताईसाठी लुगडं. उचलून बघितलं तर भलतंच जड. गाठ सोडली आणि माझा हात तिथंच थांबला.

आत आमचा वरवंटा होता, पाट्यावर मसाला वाटायचा दगड. त्याला पांढरं झबलं घातलेलं, वर लाल कुंची, कुंचीच्या काठाला बारीक मणी. तोंडाच्या जागी, आतल्या कापडावर, काजळाचे दोन डोळे आणि गालावर तीट.

ज्यांच्याकडं ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बारशाच्या दिवशी वरवंट्याला बाळासारखं नटवतात. पाळण्याच्या दोन बाजूंना बायका उभ्या राहतात. एकीनं तो पाळण्याखालून द्यायचा, दुसरीनं घेऊन वरून परत करायचा, तोंडानं देवांची नावं घ्यायची. बाळाला दगडासारखं टणक आयुष्य मिळावं, असा अर्थ मी लहानपणी ऐकला. बारसं झालं की कपडे उतरवायचे, वरवंटा धुवायचा, आणि तो पुन्हा स्वयंपाकघरात जातो. तेव्हा नटवलेला वरवंटा माझ्यासाठी नवा नव्हता. मला धक्का बसला तो वेगळ्याच कारणानं. झबल्याखालून दिसणारं टोक आमच्या जुन्या वरवंट्याचं होतं, आणि तो तर फुटला होता. मी अकरावीला लातूरला असताना एकदा सुट्टीला घरी गेले, तर पाट्यावर बाजारातून आणलेला दुसराच वरवंटा. जुना फुटला, असं आईनंच मला सांगितलं होतं.

"हा फुटला होता ना?" मी विचारलं.

"कुठं फुटलाय? धड हाय की."

"मग इतके दिवस कुठं होता?"

"पेटीत," एवढंच म्हणून तिनं गाठोडं परत बांधलं.

मी मोबाइलवर नियम वाचायला बसले. आपल्याजवळच्या पिशवीत काय चालत नाही त्याची भली मोठी यादी होती. चाकू, कात्री, काडेपेटी, अगदी क्रिकेटची बॅटसुद्धा. वरवंटा कुठंच नव्हता. तरी मी भीत भीत म्हटलं की तो मोठ्या बॅगेत टाकू. आईनं विचारलं, मोठी बॅग कुठं ठेवतेत. मी सांगितलं, खाली, विमानाच्या पोटात, तिथं माणसं नसतात.

"मग न्हाई," आई म्हणाली. "लेकरू डिक्कीत टाकतेत का कुणी?"

मला हसू आलं. ती हसली नाही. यादीत नाही म्हणजे चालत असेल, असं मी मनाला समजावलं.

विमानतळ

विमानतळावर मला पहिल्यांदा चमत्कारिक वाटली ती तिथली शांतता. एसटी स्टँडवर बाकावर टेकलं की शेजारच्याला कुठं चाललात हे विचारायचंच असतं, नाही विचारलं तर माणूस गर्विष्ठ ठरतो. आईनं तसंच शेजारच्या बाईला विचारलं. त्या बाईनं कानातलं यंत्र काढून दोनदा "काय?" केलं, मग "दिल्ली" म्हणून यंत्र परत कानात घातलं. आई माझ्याकडं वळून म्हणाली, बिमार दिसते बिचारी.

मोठी बॅग द्यायच्या खिडकीवर एक तरुण मुलगी होती. तिनं इतर प्रश्नांबरोबर विचारलं, सुकं खोबरं आहे का. होतं. बारशाच्या ओटीसाठी आईनं निवडून घेतलेल्या खोबऱ्याच्या वाट्या होत्या. खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेतं, म्हणून विमानात चालत नाही, असं तिनं सांगितलं. मी थक्क झाले. लाल तिखटाची पुडी मोठ्या बॅगेत चालली, तुपाचा डबा चालला, आणि खोबरं धोक्याचं. आईनं वाद घातला नाही. फरशी पुसणाऱ्या बाईला हाक मारून तिच्या पदरात वाट्या घातल्या. कपाळाला लावायला कुंकू बॅगेत गेलं म्हणून तेवढी हळहळली.

मग आम्ही तपासणीच्या रांगेत लागलो. मोबाइल, पाकीट, पिशवी, सगळं ट्रेमध्ये ठेवायचं आणि ते पट्ट्यावरून यंत्रात जातं. आई गाठोडं हातातून सोडेना. मी म्हटलं, पलीकडून लगेच निघतं. तेव्हा तिनं ते ट्रेमध्ये आडवं निजवलं, डोक्याकडची बाजू आधी.

गाठोडं आत गेलं आणि पट्टा थांबला. मग मागं आला. मग पुन्हा पुढं गेला आणि थांबला. मी उभी होते तिथून पडदा तिरका दिसत होता. बाकीच्यांच्या पिशव्या त्याच्यावर नारिंगी, हिरव्या, आरपार दिसत होत्या. आमच्या गाठोड्यात मधोमध एक लांबट काळा आकार होता, त्यातून काहीच दिसत नव्हतं. वरच्या टोकाला मण्यांची गोल झालर. अंग आणि डोकं असावं तसं. मला माहीत होतं आत काय आहे, तरी माझ्या अंगावर काटा आला. पडद्यासमोरच्या माणसाचं काय झालं असेल.

त्यानं अगदी हळू आवाजात विचारलं, "इसमें क्या है?"

मी हिंदी जुळवत होते तेवढ्यात आईनं सांगून टाकलं, "लेकरू हाय."

तो माणूस खुर्चीतून उठला. मी घाईनं म्हणाले की बच्चा नहीं है, पत्थर है, बच्चे का कपडा पहनाया है. ते ऐकून तो जास्तच घाबरला. खाकीतली एक बाई भरभर चालत आली आणि आम्हाला बाजूच्या टेबलाशी घेऊन गेली. तिनं गाठोडं उघडायला सांगितलं. कापड बाजूला झालं, काजळाचे दोन डोळे वर बघायला लागले आणि ती बाई एक पाऊल मागं सरकली. मग तिचा चेहराच बदलला.

"अगं बाई," ती मराठीत म्हणाली, "वरवंटा."

ती बिलोलीकडची निघाली. पडद्याजवळच्या माणसाला तिनं हिंदीत समजावून सांगितलं, हे सामान बारशाचं आहे, आमच्यात असं करतात. त्यानं कपाळ पुसलं आणि विचारलं, हे या मुलीला आधीच सांगता येत नव्हतं का. आईला मावशी म्हणत त्या मॅडमनी सगळी चौकशी केली. मुलगी की मुलगा, सासरचे कुठले, इतकं लांबलं का. काचेच्या पेटीचं ऐकून त्यांनी चक् चक् केलं. मला वाटलं, सुटलो.

"पण मावशी, हा आत न्हाई नेता यायचा," त्या म्हणाल्या. "एवढा जड दगड. कुणी कुणाच्या डोक्यात घातला तर?"

"बारशाचा वरवंटा कोण कुणाच्या डोक्यात घालतंय?"

"तुम्ही न्हाई घालणार, मला कळतंय. पण माझा नियम सगळ्यांला एकच हाय."

त्यांनी मार्गही सांगितला. अजून वेळ आहे, खिडकीवर परत जाऊन तो सामानात टाका. फक्त त्याआधी कपडे काढून दाखवावे लागतील. यंत्राला दगडातून दिसत नाही आणि कपड्याचे थर आहेत, आत काय आहे ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुठंच जाऊ देता येणार नाही.

आईनं दोन्ही हात वरवंट्यावर ठेवले. कपडे काढायचे नाहीत, म्हणाली. मॅडमनी पुन्हा समजावलं. आईनं पुन्हा मान हलवली.

"मग मी जातच न्हाई," ती मला म्हणाली. "तू जा. मी ह्याला घेऊन माघारी जाते."

इतके महिने ती नातीसाठी झुरत होती. रोज मोबाइल जवळ धरून बाळाच्या बोटांची नखं बघायची. आणि आता एका झबल्यासाठी इथून परत जाणार होती. मी म्हटलं, "आई, बारसं झालं की आपण काढतोच की ते कपडे."

"झालं कुठं बारसं?"

"परवा आहे ना."

"हिचं न्हाई," आई म्हणाली. "त्याचं."

इथं थोडं मागचं सांगायला हवं. ताईला याआधी एक मुलगा झाला होता, उदगीरच्या दवाखान्यात, माहेरपणातच. तो दहाव्या दिवशी गेला. मी तेव्हा लातूरला होते, मला फोनवर कळलं. घरी गेले तोवर सगळं आवरलेलं होतं. त्या बाळाबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही, मीही कधी विचारलं नाही.

आई माझ्याकडं बघत नव्हती. ती त्या खाकीतल्या बाईलाच सांगत होती, आवाज न चढवता. "दोन दिसांनी बारसं व्हतं. मला लई हौस. मी आधीच नटवून ठेवला. मग ते गेलं. कपडे काढायला हात लावला, पर हात धजला न्हाई बाई. बारसं झाल्याबिगर कसे काढायचे? तसाच पेटीत ठेवला. चार वर्सं होत आली."

माझे कान तापले. चार वर्षं आमच्या घरात, कपड्यांच्या पेटीत, तो असा डोळे उघडे ठेवून पडला होता. सुट्टीत मी त्याच पेटीवर बसून अभ्यास केला होता.

मॅडमनी मागची रांग हातानंच दुसऱ्या बाजूला वळवली. मग त्या टेबलाच्या अलीकडं, आईच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"मावशी, दगड मला बघावाच लागतोय. मी काढू का? मी परकी हाय. माझ्या हाताचं तुमच्या घराला काही लागत न्हाई."

आईनं नाही म्हटलं. बराच वेळ तिनं कुंचीचे मणी सरळ केले. मग हात उचलले आणि मला म्हणाली, "तू काढ. तू मावशी हायस त्याची."

त्याची मावशी, असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

नाडीची गाठ घट्ट बसली होती. मॅडमनी ती कापायला ब्लेड पुढं केलं, पण आई म्हणाली, कापू नका. मी नखांनी उकलत राहिले. विमानाची सूचना होत होती, कुणाच्या तरी बॅगेची चाकं फरशीवर वाजत होती. गाठ सुटली. कुंची निघाली, झबलं निघालं, खाली जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा गुंडाळलेला होता, तोही निघाला. आणि मसाल्याचा वास आला. लसूण, धने, जुनाट, बंद पेटीतला, पण आमच्या घरचा. काळा, मधे झिजलेला दगड त्या पांढऱ्या टेबलावर पडला होता. मला वाटत होतं त्यापेक्षा तो खूप लहान होता.

मॅडमनी त्याच्यावर एक पांढरी पट्टी फिरवली, ती दुसऱ्या एका यंत्रात घालून बघितली आणि मान हलवली. झालं. एवढंच काम होतं.

आईनं वरवंटा हातात घेतला, अंगठा फिरवला. अंगठ्याला पिवळट भुकटी लागली. "धुतला बी नव्हता मी," ती म्हणाली. "मसाला वाटला आणि तसाच नटवला. किती ती घाई." मग माझ्या हातात दिला. "जा. टाक डिक्कीत."

मी पळत खिडकीवर गेले. मोठी बॅग आधीच आत गेली होती, म्हणून वरवंट्याला वेगळी पिशवी आणि वेगळी पट्टी मिळाली. त्या मुलीनं विचारलं, काय आहे. मी म्हटलं, दगड. तिनं अगदी मनापासून विचारलं, नाजूक सामानाचा कागद लावू का. मी हो म्हटलं.

परत आले तेव्हा मॅडम दुसऱ्या कुणाची तरी पर्स तपासत होत्या. आई पलीकडं खुर्चीवर बसली होती, मांडीवर घडी केलेली कुंची. विमानात मी तिला खिडकीजवळ बसवलं. खाली गोदावरी दिसते का बघ म्हटलं. तिनं माझं मन राखायला बघितलं, आणि पुन्हा कुंचीवर हात ठेवून डोळे मिटले.

बंगळूर

तिथं सामान गोल फिरणाऱ्या पट्ट्यावर येतं. चामड्याच्या बॅगांमधून आमची पिशवी आली, तिच्यावर काचेच्या पेल्याचं चित्र चिकटवलेलं. आईनं विचारलं, पेला कशाला काढलाय. मी सांगितलं, जपून उचला असा त्याचा अर्थ. तिला ते पटलं.

ताईच्या घरी आईनं आधी हातपाय धुतले आणि बाळ घेतलं. ते तिच्या कोपरापासून मनगटापर्यंतच मावलं. आई नुसती त्याचा वास घेत राहिली. ताईचं लक्ष माझ्या हातातल्या कुंचीकडं गेलं.

ती कुंची तिनंच शिवली होती, पहिल्या वेळी, सातव्या महिन्यात. मणीही तिनंच ओवले होते. ती कुठं गेली हे तिनं कधी विचारलं नव्हतं. मी विमानतळावरचं सगळं सांगितलं. ताई ऐकत राहिली आणि मग उठून बाळाची दुपटी वाळत घालायला गेली. सासूबाईंनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की बाळासाठी नवी कुंची आणली आहे, ही तिला घालू नका. त्या रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. आई आतून म्हणाली, ही त्या वरवंट्याचीच हाय, लेकराला नवीच घाला.

बारशाच्या सकाळी शेजारच्या गिरिजम्मा मदतीला आल्या. त्या कन्नड बोलतात. आईचं माहेर देगलूरच्या पुढं, हद्दीवरचं, त्यामुळं आईला थोडं कन्नड येतं हे मला माहीत होतं, पण ती इतक्या सहज गप्पा मारेल असं वाटलं नव्हतं. आईनं मधेच थांबून मला सांगितलं ते ऐकून मी चकित झाले. गिरिजम्मांकडंही बारशाला दगड नटवतात. वरवंटा त्यांच्याही स्वयंपाकघरात होता. नुसतं विचारलं असतं तर भिंतीपलीकडून मिळाला असता. फक्त त्यांच्यात एक वेगळं. ते दगडाला आधी पाळण्यात निजवतात, त्याला नाव ठेवतात, आणि मग बाळाला.

ताई तिथंच घुगऱ्यांचे हरभरे निवडत होती. तिनं मान वर केली. "आई, वरवंटा दे हिकडं," ती म्हणाली.

तिनं तो नळाखाली धरून धुतला, पुसला. लुगड्याचा तुकडा, झबलं, कुंची, सगळं आपल्या हातानं घातलं. काजळ लावलं. दुपारी बायका जमल्या, पाळणा सजला, दोघी दोन बाजूंना उभ्या राहिल्या आणि ताई म्हणाली, आधी ह्याला पाळण्यात घालू.

आमच्यात तसं करत नाहीत. सासूबाईंनी आईकडं बघितलं. आई खाली बघत होती. ताईनं वरवंटा पाळण्यात ठेवला, दोरी ओढली, दोनदा झोका दिला. मग वाकली आणि कुंचीच्या कडेशी तोंड नेऊन काहीतरी म्हणाली. काय ते कुणाला ऐकू आलं नाही. बाळाच्या कानात नाव सांगणारीच्या पाठीवर बाकीच्या बायका थापा मारतात, हसतात, तशी पद्धत असते. ताई वाकलेलीच होती आणि खोलीत कुणी हललं नाही. मग सासूबाई पुढं झाल्या आणि त्यांनी ताईच्या पाठीवर एक थाप मारली. जरा जोरातच. गिरिजम्मांनी दुसरी मारली.

त्यानंतर सगळं आमच्या रीतीनं झालं. वरवंटा खालून वरून फिरला, बाळाला पाळण्यात घातलं, दाजींच्या बहिणीनं तिच्या कानात नाव सांगितलं. नाव अन्वी ठेवलं. अन्वी सगळा वेळ झोपली होती.

घुगऱ्या वाटून झाल्या, बायका गेल्या. आई भिंतीला टेकून बसली, वरवंटा मांडीवर घेतला आणि नाडी ओढली. गाठ एका ओढीत सुटली. तिनं कुंची काढली, झबलं काढलं, घड्या करून ताईजवळ दिल्या. ताईनं त्या कपाटात ठेवल्या. सासूबाईंनी विचारलं, परत जाताना हा कसा न्यायचा, बॅगेत कुठं ठेवू.

"टाका कुठंबी," आई म्हणाली. "दगड हाय."